रानात जाणे आणि रान पाहणे : सातारा-सांगलीकडील लेखनाच्या संदर्भात

१

मराठी समीक्षेने शेतीजीवनाविषयीचे लेखन आणि अरण्याविषयीचे लेखन यांची वाटणी फार पूर्वीच करून टाकली आहे. नांगर, मोट, दुष्काळ, सावकार आणि गावकी यांचे चित्रण करणारी कृती ‘ग्रामीण साहित्य’ या सदरात जाते. झाडे, पाखरे, श्वापदे आणि जंगलवाटा यांविषयीची कृती ‘निसर्गलेखन’ अथवा ‘अरण्यलेखन’ या सदरात. पहिल्या गटाची चर्चा वास्तववाद, प्रादेशिकता, बोली व सामाजिक आशय या संज्ञांच्या आधारे होते, तर दुसऱ्या गटाची चर्चा निरीक्षणशक्ती, ललित शैली आणि निसर्गप्रेम या संज्ञांच्या आधारे. वर्गीकरणाची सोय म्हणून हे समजण्याजोगे आहे. परंतु ही सोय हळूहळू दृष्टी बनली, आणि एकाच लेखकाच्या दोन कृती दोन वेगळ्या शास्त्रांनी वाचल्या जाऊ लागल्या. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ग्रामीण कादंबरी म्हणून वाचली जाते, ‘नागझिरा’ अरण्यानुभव म्हणून वाचले जाते, आणि वानरांच्या टोळ्यांची कथा सांगणारे ‘सत्तांतर’ (१९८२) माणसाच्या सत्तासंघर्षाचे रूपक म्हणून वाचले की समीक्षेचे काम संपते. या तिन्ही कृतींच्या मुळाशी भूमीकडे पाहण्याची जी एक जाणीव आहे, तिचा विचार त्यामुळे राहून जातो.

शेत आणि अरण्य यांची ही फारकत सातारा-सांगली परिसरातील लेखनाला लागू पडत नाही. एवढेच नव्हे, तर अरण्याकडे ‘भेट देण्याची जागा’ म्हणून पाहणारी एक विशिष्ट, अलीकडची दृष्टी त्या फारकतीतून समीक्षेत शिरली आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. या परिसराची निवड सहेतुक आहे. आजचे हे दोन जिल्हे १९४९ पर्यंत मुख्यतः सातारा जिल्हा आणि औंध, सांगली, फलटण, जत अशी संस्थाने यांत विभागलेले होते. त्या वर्षी ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले. पश्चिमेला कोयना-वारणेची दाट झाडी, मध्ये कृष्णाकाठची काळी जमीन आणि पूर्वेला माणदेशचा उघडा माळ असे तिन्ही प्रकारचे भूप्रदेश येथे एका दिवसाच्या प्रवासात येतात, आणि तिन्हींना मराठीत मोठे लेखक लाभले आहेत.

२

विचाराचा आरंभ एका शब्दापासून करणे योग्य ठरेल. संस्कृत ‘अरण्य’, प्राकृत ‘रण्ण’ आणि त्यातून मराठी ‘रान’ ही व्युत्पत्ती सर्वमान्य आहे. लक्षात घेण्याजोगे आहे ते या शब्दाचे पुढील अर्थांतर. सातारा-सांगलीकडील बोलीत ‘तो रानात गेलाय’ याचा पहिला अर्थ ‘तो शेतावर गेला आहे’ असा होतो. नांगरलेले शेत म्हणजे नांगरलेले रान. पेरणीपूर्व मशागत म्हणजे रान तयार करणे. काळे रान, मुरमाड रान, पडीक रान हे जमिनीचे प्रकार. त्याच वेळी रानडुक्कर, रानमांजर, रानभाजी, रानमेवा या शब्दांत मूळचा अरण्यवाचक अर्थ शाबूत आहे. माळरान हा दोहोंमधला प्रदेश, आणि गायरान ही गावाच्या सामाईक चराईची जमीन. अरण्याला विरोधी असणारा जो कसलेल्या जमिनीचा अर्थ, तो अरण्यवाचक शब्दानेच आपल्या पोटात घेतला, ही भाषिक घटना साधी नाही.

तिचा उलगडा गावरचनेच्या जुन्या परिभाषेत सापडतो. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथातून परिचित असलेली ‘पांढरी’ व ‘काळी’ ही विभागणी येथे उपयोगी आहे. पांढरी म्हणजे वस्तीची जमीन, काळी म्हणजे पिकाची. वेशीच्या आत पांढरी आणि वेशीबाहेर जे काही आहे ते सारे रान, अशी ही मनोरचना आहे. तीत मुख्य सीमारेषा गावकुसाची असते. शेत आणि जंगल यांच्यामध्ये तितकी ठाम रेषा नसते. तेथे बांध असतो, ओढा असतो, पाणंद संपते आणि पायवाट सुरू होते. पडीक टाकलेले शेत काही वर्षांत माळात जमा होते आणि माळ फोडला की त्याचे शेत होते. रान ही अशा प्रकारे एक अवस्थांतर पावणारी भूमी आहे.

ही जाणीव मराठी भाषेच्या पूर्वरूपातही आढळते. हाल सातवाहनाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या महाराष्ट्री प्राकृतातील गाथासंग्रहात पीक उंच वाढलेले शेत हे प्रेमिकांचे संकेतस्थान आहे, आणि कापणी झाली की नायिकेचा आडोसा जातो, हा विषय तेथे वारंवार येतो. शेताने येथे झाडीचे काम केले आहे. तमिळ संगमकाव्याच्या मीमांसेत तर भूप्रदेशांची काव्यशास्त्रीय व्यवस्थाच सिद्ध झाली. मुल्लै म्हणजे वनकुरणांचा प्रदेश आणि मरुदम म्हणजे शेतीचा. प्रत्येकाला त्याचे दैवत, त्याची माणसे, त्यांचे व्यवसाय आणि त्याची भाववृत्ती ठरवून दिलेली. पालै हा रखरखीत प्रदेश मात्र स्वतंत्र भूमी नसून इतर प्रदेश उन्हाने करपले की त्यांचाच पालै होतो, असे त्या परंपरेत मानले गेले. भूमीचा विचार तिच्यावर चालणाऱ्या कामांसह आणि तिच्या पालटासह करणारी अशी परिभाषा भारतीय साहित्यविचारात उपलब्ध आहे. देशीयतेची चर्चा मराठीत गेली काही दशके होत आहे. त्या चर्चेने अशा परिभाषेकडे अधिक लक्ष द्यावयास हवे होते.

३

शेत आणि अरण्य यांच्यामध्ये ठाम रेषा आली ती प्रथम कायद्याने. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगल, संरक्षित जंगल असे वर्ग केले आणि चराई, सरपण, पालापाचोळा या नित्याच्या व्यवहारांना गुन्ह्याचे किंवा सवलतीचे रूप दिले. या घटनेची पहिली समर्थ वाङ्मयीन नोंद जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात आहे. फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव साताऱ्याकडील कटगुण, ही गोष्ट येथे केवळ योगायोगाची मानू नये. थोडक्या जमिनीचा शेतकरी जवळच्या रानातील चारा, फळे, पाने, लाकूडफाटा यांच्या आधाराने कसा तग धरीत असे आणि जंगलखात्याने डोंगर, दऱ्या व गायराने आपल्या ताब्यात घेतल्यावर त्याच्या गुराढोरांची कशी दैना झाली, याचे विवेचन त्यांनी केले. ‘असूड’ हा ग्रंथ समीक्षेत शेतीच्या शोषणाचा ग्रंथ म्हणून वाचला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु रान व शेत ही एकच उपजीविका आहे हे गृहीत धरणारा ग्रंथ म्हणूनही तो वाचला पाहिजे. अरण्यविषयक मराठी विचाराची सुरुवात शोधणाऱ्याने ती निसर्गवर्णनांत न शोधता येथे शोधावी, इतके त्या विवेचनाचे महत्त्व आहे.

१९३० मध्ये आजच्या शिराळा तालुक्यातील बिळाशी येथे झालेला जंगल सत्याग्रह ही याच धाग्यातील पुढची घटना होय. सागाचे झाड तोडणे ही तेथे राजकीय कृती ठरली, आणि राखीव जंगलातील सागाच्याच खांबावर झेंडा लागला. पुढे १९४३ पासूनच्या प्रतिसरकारच्या काळात भूमिगतांनी डोंगरकपारी आणि पिकांची शेते यांचा सारखाच आश्रय घेतला. या इतिहासातून ‘रान जवळ करणे’ या बोलीतील प्रयोगाला जो अर्थ प्राप्त झाला, तो पुढील वाङ्मयात महत्त्वाचा ठरतो.

४

या पार्श्वभूमीवर तीन कृतींमधील रानाचे स्वरूप पाहता येईल. तिन्हींत रानाशी जडणारे नाते वेगळ्या क्रियापदाने व्यक्त होते, आणि त्या क्रियापदातच त्या कृतीची जीवनदृष्टी सामावलेली आहे.

‘बनगरवाडी’चा निवेदक राजाराम सौंदणीकर हा औंध संस्थानच्या शाळेवर नेमलेला तरुण मास्तर. माळ तुडवीत तो धनगरांच्या या वस्तीत पोचतो. तो उपरा आहे, परंतु प्रेक्षक नाही. त्याला तेथे काम आहे. मेंढरांमागे रानात जाणारी मुले शाळेत कशी आणावीत, हा त्याचा पहिला प्रश्न, आणि त्या प्रश्नामुळेच रान त्याला प्रथम कळते. दिवस उजाडला की वाडी रिकामी होते, कारण वाडीचे खरे जीवन वाडीत नसून रानात आहे. येथे निसर्गवर्णन जवळजवळ नेहमी एखाद्या कामाला चिकटून येते. शेकूची बायको बैलाच्या जागी जोताला खांदा लावते, त्या प्रसंगात भूमी, जनावर आणि माणूस यांची जी जवळीक दिसते तिला निसर्गप्रेम म्हणणे हास्यास्पद होईल. राम देशमुख यांनी १९५८ मध्ये केलेल्या इंग्रजी अनुवादाला गावाला भिंती नव्हत्या अशा आशयाचे शीर्षक दिले गेले, ते नकळत मार्मिक ठरले आहे. बनगरवाडीला रानापासून वेगळे करणारे कूस नाही. म्हणूनच दुष्काळ येतो तेव्हा तो शेतावर येतो आणि माळावरही येतो. दोन्ही एकदमच संपतात आणि वाडी उठून जाते. संगमकाव्याच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे मुल्लै आणि मरुदम एकाच वेळी पालै होतात. कादंबरीचा शेवट एका गावाचा शेवट म्हणून वाचला जातो. तो एका भूप्रदेशाचा पालट म्हणून वाचला तर त्यातील अटळपणा अधिक स्पष्ट होतो.

अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ (१९५९) मध्ये क्रियापद बदलते. वाटेगाव आणि वारणेचे खोरे ही या कादंबरीची भूमी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यातून आलेली हजेरीची पद्धत मांग समाजाला गावात जखडून ठेवते. रोज आपली उपस्थिती सिद्ध करणे ही जगण्याची अट बनते. दुष्काळात माणसे उपाशी मरू लागल्यावर फकिरा धान्य लुटतो, खजिना लुटतो, आणि रान जवळ करतो. गाव आणि रान यांचा नेहमीचा अर्थ येथे उलटतो. गावात पहारा आहे, रानात मोकळीक आहे. गावात माणूस गुन्हेगार म्हणून नोंदलेला आहे, रानात तो माणूस म्हणून वावरतो. परंतु रानाचे हे अभय पुरे पडत नाही, कारण फकिराची माणसे गावात आहेत. त्यांना वेठीस धरले जाताच तो स्वतः होऊन हजर होतो. माणसाच्या गुन्हेगारीची नोंद करणारा १८७१ चा कायदा आणि जंगलाच्या सीमांची नोंद करणारा १८७८ चा कायदा हे एकाच शासनबुद्धीचे दोन आविष्कार होत, ही गोष्ट इतिहासग्रंथांपेक्षा ‘फकिरा’त अधिक ठळकपणे जाणवते. या कादंबरीवर अद्भुतरम्यतेचा आरोप करणाऱ्या समीक्षेने तिच्यातील डोंगर-झाडीला वीरकथेची नेपथ्यरचना मानले. ते नेपथ्य नाही. कायद्याच्या कक्षेबाहेर उरलेली ती शेवटची जागा आहे.

आटपाडीच्या शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) हे आत्मचरित्र या दोन्ही अर्थांना आवश्यक अशी पुरवणी जोडते. तराळाला रानातून जावे लागते ते स्वतःच्या शेताकडे नव्हे आणि बंड करूनही नव्हे. सरकारी निरोप पोचविणे, बेवारस प्रेताची राखण करणे अशा वेठीच्या कामांसाठी त्याला रात्री-अपरात्री रान तुडवावे लागते. रान शब्दाच्या ऐक्यात हरखून जाणाऱ्या अभ्यासकाने हे विसरू नये की ज्याच्या नावावर शेत नाही त्याच्यासाठी ‘रानात जाणे’ म्हणजे दुसऱ्याच्या रानात जाणे. जातिव्यवस्थेने गावकुसाबाहेर ठेवलेली वस्ती रानाला अधिक जवळ असते. ही जवळीक निवडलेली नसते. शेत आणि अरण्य यांचे सातत्य म्हणजे सामंजस्य नव्हे. या परिसरातील श्रेष्ठ लेखनाने ते तसे कधी रंगविलेही नाही.

५

‘रान पाहणे’ हे तिसरे क्रियापद येथे येते. माडगूळकर ‘नागझिरा’ लिहितात तेव्हा माणदेशचा हा लेखक पूर्व विदर्भातील एका अभयारण्यात मुद्दाम राहावयास गेलेला असतो. त्याला तेथे काही पिकवायचे नाही, चारायचे नाही, लपायचेही नाही. पाहणे हेच त्याचे काम. रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात इंग्रजी साहित्याच्या आधारे असे दाखविले आहे की भूमीचे ‘दृश्य’ होण्यासाठी पाहणारा तिच्यावरील कष्टांपासून वेगळा व्हावा लागतो, आणि अनेकदा ते कष्टच दृश्यातून पुसले जातात. हे प्रतिपादन मराठीत जसेच्या तसे लावता येणार नाही. इंग्रजी उमरावाच्या उद्यानाची दृष्टी आणि शिकारीच्या वाटेने अभ्यासाकडे वळलेल्या माडगूळकरांची दृष्टी यांत मोठे अंतर आहे. रानातला माग, वारा, चाहूल यांचे ज्ञान त्यांनी माणदेशात कमावलेले आहे. ‘नागझिरा’तील निरीक्षकाचे डोळे बनगरवाडीच्या माळावर तयार झाले आहेत. तरीही अलिप्त पाहण्याची अट तीच राहते. आपले गाव सोडल्याशिवाय ही दृष्टी आली नसती.

या दृष्टीला कमी लेखण्याचे कारण नाही. उपयोगापासून सुटलेल्या नजरेलाच प्राणी स्वतःच्या हक्काने जगताना दिसतो. ‘सत्तांतर’ मधील वानर पिकाची नासाडी करणारे म्हणून येत नाहीत, देवाचे म्हणून येत नाहीत. त्यांचे जगणे, मारणे आणि मरणे त्यांच्या नियमांनी चालते. शेतकऱ्याच्या नजरेला एवढी तटस्थता परवडली नसती. म्हणून या कृतीचे केवळ मानवी रूपक करणे म्हणजे लेखकाने कष्टाने मिळविलेली तटस्थता परत करून टाकणे होय. आक्षेप आहे तो वेगळ्या गोष्टीला. पाहणाऱ्याची ही नजर अनेक नजरांपैकी एक आहे, हे समीक्षा विसरली. अरण्याविषयीचे लेखन म्हणजे अरण्याला भेट देणाऱ्याचे लेखन, असे समीकरण रूढ झाले. आणि जे रानात राहत होते, राबत होते किंवा दडत होते, त्यांचे लेखन ‘ग्रामीण’ वा ‘दलित’ या सदरांत गेल्यामुळे अरण्यविचाराच्या बाहेर राहिले.

६

हा प्रश्न ग्रंथालयापुरता मर्यादित नाही. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे आजोळ व जन्मगाव. त्याच्या लगतच्या डोंगरावरील सागरेश्वर हे त्याचे स्पष्ट उदाहरण आहे. बोडक्या झालेल्या या डोंगरावर धों. म. मोहिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून झाडी उभी राहिली, हरणे आणली गेली, आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुमारे अकरा चौरस किलोमीटरचे हे अरण्य माणसांनी घडविले आहे. त्याच्या एका अंगाला प्राचीन देवळांचा समूह आहे आणि पायथ्याशी कृष्णाकाठची बागायती शेती. पाहुणा डोंगरमाथ्यावर उभा राहिला की त्याला झाडी, नदी आणि उसाचे हिरवे पट्टे यांचे एकच सलग दृश्य दिसते. पायथ्याच्या शेतकऱ्याला मात्र तोच परिसर हरणांनी खाल्लेल्या पिकाच्या हिशेबात दिसतो. अरण्य आणि शेत येथे एकमेकांची निर्मिती आहेत आणि एकमेकांची तक्रारही. यांपैकी कोणत्याही एकाच नजरेने सागरेश्वर पुरते वाचता येत नाही.

पश्चिमेकडे हा प्रश्न अधिक तीव्र आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. धरणे, अभयारण्य आणि व्याघ्रक्षेत्र अशा एकामागून एक आलेल्या कारणांनी तेथील अनेक गावे उठली. एकेकाळी जी पांढरी होती ती आता झाडीखाली आहे. काळी गवताखाली आहे. तेथील मूळ रहिवाशाला आपल्या गावाच्या जागी जावयाचे तर परवानगी घेऊन, पाहुणा म्हणून जावे लागते. ‘रानात जाणे’ या क्रियापदाची जागा ‘रान पाहणे’ या क्रियापदाने घेतल्याचे याहून मूर्त उदाहरण नाही. संरक्षित वनांची आवश्यकता कोणी नाकारू नये. वारणा-कोयनेच्या उगमाकडील झाडी टिकणे ही खालच्या शेतीचीही गरज आहे. परंतु अरण्य म्हणजे माणूस नसलेली जागा ही कल्पना निसर्गतः आलेली नसून घडविलेली आहे, आणि ती घडविण्यात साहित्याच्या वर्गीकरणाचाही अल्पसा वाटा आहे, हे मान्य केले पाहिजे.

दरम्यान भूमी स्वतःच या वर्गीकरणाला जुमानीनाशी झाली आहे. कराड, पाटण, शिराळा या भागांत बिबट्या उसाच्या फडात राहू लागला आहे. मादी तेथे पिलांना जन्म देते. त्याच्या लेखी ऊस ही झाडीच आहे. फडात ऊसतोडीला उतरणाऱ्या मजुराला, त्यातही कोयता हाती घेऊन पहाटे फडात शिरणाऱ्या बाईला, रान या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच पावलात भेटतात. या अनुभवाचे लेखन होईल तेव्हा ते ग्रामीण ठरवावे की अरण्यविषयक, असा प्रश्न जुन्या सदरांनी सोडविता येणार नाही.

त्यासाठी समीक्षेने आपला पहिला प्रश्न बदलणे आवश्यक आहे. कृती शेताविषयी आहे की जंगलाविषयी, हे विचारण्याआधी तीत रानात कोण शिरते, कोणत्या कामासाठी, कोणाच्या परवानगीने, आणि परत फिरण्याची मोकळीक त्याला आहे की नाही, हे विचारावे. या प्रश्नांपुढे ‘असूड’, ‘बनगरवाडी’, ‘फकिरा’, ‘तराळ-अंतराळ’ आणि ‘नागझिरा’ एका ओळीत उभी राहतात व परस्परांवर प्रकाश टाकतात. पाहुण्याची नजर त्या ओळीतून वगळण्याचे कारण नाही. मात्र तिला तिची जागा दाखवून द्यावी लागेल. शेत आणि अरण्य या दोहोंना एकच शब्द वापरणाऱ्या भाषेच्या समीक्षेला एवढे करणे अवघड जाऊ नये.